मोटारसायकलच्या तेलाचाही हिशेब हवा



हंगाम संपला. शेवटच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, कारखान्याचा भोंगा थांबला आणि मिल हाऊसमध्ये रोलर उतरवण्याचे काम सुरू झाले. आता सभासदांच्या मोटारसायकली लांबच्या वाटेला लागण्याचे दिवस आले. चैत्रात शिखर शिंगणापूर आणि जोतिबा, पुढे लग्नसराई, आषाढात पंढरपूर. ज्यांची ट्रॅक्टरची ऊस वाहतूक आहे, त्यांना पुढच्या हंगामाच्या टोळ्या ठरवायला बीडकडे नाहीतर विजापूरकडे फेऱ्या घालाव्या लागतात. जतहून सांगली किंवा विजापूर आपल्या लेखी जवळच. पण पंढरपूरमार्गे बीड म्हटले की जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या घरात जाते. मुकादम गावात भेटला नाही तर आणखी दोन गावे पालथी घालावी लागतात, ती वेगळीच.

या प्रवासाची तयारी आपण कशी करतो? पेट्रोलची टाकी भरतो, चाकात हवा मारतो, गाडी धुतो. फार तर आदल्या दिवशी शोरूमला नेऊन सर्व्हिसिंग करून आणतो आणि पहाटे निघतो. इंजिनात तेल किती आहे, गेल्या महिन्यात किती कमी झाले, हे विचारले तर दहांतले नऊ जण म्हणतील, "आण्णा, ते शोरूमवाल्याला ठावं. आपली गाडी किक मारली की चालू होतीया." आमचे म्हणणे याच उत्तराबद्दल आहे. उसाच्या वजनकाट्यावर जो सभासद स्वतः उभा राहून आकडा बघतो, त्याने गाडीच्या तेलाचा आकडाही स्वतःच बघायला हवा. हे काम दुसऱ्यावर सोपवण्यासारखे नाही.

कारखान्यात पहारेकरी आहे, गाडीत नाही

आपल्या कारखान्यात वंगणाला किती मान आहे ते पाहा. स्टोअरमधून निघालेल्या प्रत्येक डब्याची नोंद होते आणि गाळपाच्या टनेजवर वंगणाचा खर्च काढला जातो. तो वाढला की चीफ इंजिनिअरला विचारणा होते. टर्बाइनच्या बेअरिंगला तेलाचा दाब कमी पडला तर टर्बाइन माणसाची वाट बघत बसत नाही, आपोआप ट्रिप होऊन बंद पडते. कारण तेलावाचून काही क्षण जरी ती फिरली तरी नुकसान लाखांत जाते.

आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत तेल एक लिटरच्या आतबाहेर असते. तेवढ्या तेलावर पिस्टन, क्रँक, गिअर आणि क्लच ही सगळी मंडळी जगतात. पण या बहुतेक गाड्यांना तेलाचा दाब सांगणारा दिवा नसतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या, त्यांच्या मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. अनेकांची समजूत आहे की तेल कमी झाले की तो पेटेल. तसे नाही. तो दिवा पेट्रोलच्या इंजेक्शनचा आणि धुराच्या यंत्रणेचा दोष दाखवतो. तेल तळाला गेले तरी तो गप्प राहू शकतो. तेल संपत आल्याची खबर गाडी देते ती इंजिनाच्या खडखडाटाने, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. चालत्या गाडीत पिस्टन जाम झाला तर मागचे चाक धरते. गुहागर-विजापूर महामार्गावर साठ-सत्तरच्या वेगात, मागे घरची मंडळी बसलेली असताना हे झाले तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे की इंजिन धरल्यासारखे वाटले की तत्काळ क्लच दाबायचा आणि गाडी कडेला घ्यायची.

विसरायची सवय कुठून लागली?

आपल्या वडीलधाऱ्यांनी राजदूत आणि येझदी चालवल्या. त्या दोन स्ट्रोकच्या गाड्या. त्यांचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, ते पेट्रोलबरोबर जळायचे. तेल मोजल्याशिवाय टाकी भरताच येत नव्हती, म्हणून प्रत्येक खेपेला तेलाची आठवण राहायची. निळा धूर निघायचा, त्यात कुणाला काही वावगे वाटायचे नाही. बुलेट चार स्ट्रोकची होती, पण तिचे मालक सकाळी गाडीखाली तेलाचा डाग पडला का बघायचे आणि कांडी काढून तेल तपासायचे.

मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. 'फिल इट, शट इट, फरगेट इट' ही तिची जाहिरात देशभर गाजली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ही जाहिरात पेट्रोलच्या बचतीची होती आणि त्यात खोटे काही नव्हते. पण आपण पेट्रोलबरोबर तेलही विसरलो. चार स्ट्रोकच्या गाडीचे तेल वेगळ्या कप्प्यात असते, ते जळायचे नसते, फिरायचे असते. म्हणून ते आपोआप संपत नाही अशी समजूत रुजली. ती चुकीची आहे. चार स्ट्रोकची गाडीही तेल खाते. नवी थोडे खाते, जुनी जास्त.

तेल जाते कुठे?

तेल जाण्याच्या वाटा तीन. पहिली वाट पिस्टनच्या रिंगांमधून. रिंगा झिजल्या की तेल वर चढते आणि पेट्रोलबरोबर जळते. गाडी ओढीला लागली, दोन माणसे आणि पोते घेऊन चढ चढू लागली की मागे निळसर धूर दिसतो. दुसरी वाट वाल्व्हच्या सीलमधून. ही गाडी सकाळी पहिल्या किकला निळा धूर टाकते आणि मग साफ होते. तिसरी वाट गळतीची. खालचा ड्रेन बोल्ट, टॅपेट कव्हर, चेनच्या पुढच्या चक्राजवळचे ऑईल सील या जागी तेल आणि धूळ मिळून काळा चिकटा धरतो. धुराचा रंगही ओळखता आला पाहिजे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते. थंडीत सकाळी पांढरी वाफ निघाली तर घाबरायचे कारण नाही. निळा मात्र तेलाचाच. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा महागडा भाग असतो. तेल जळत राहिले तर तोही खराब होतो.

जत तालुक्यात या झिजेला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे धूळ. म्हैसाळचे पाणी आले, ऊस आला, पण पाणंदीची माती काही कमी झाली नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी चालवणारा रोज किती माती खातो ते त्याच्या कपड्यांवरून कळते. तीच माती गाडी एअर फिल्टरमधून खाते. फिल्टर फाटका किंवा मळका असला तर बारीक कण सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासतात. कंपनीच्या पुस्तकात धुळीच्या भागासाठी फिल्टर लवकर बदलण्याची सूचना असते, ती आपल्यासाठीच आहे. स्पंजचा फिल्टर धुता येतो. कागदी फिल्टर हवा मारून किंवा धुऊन पुन्हा बसवू नये, तो बदलावा.

पाचशे किलोमीटरचा हिशेब

आता हिशेब कसा ठेवायचा ते सांगतो. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करा आणि तेल खाली बसायला तेवढाच वेळ द्या. कांडी काढून स्वच्छ फडक्याने पुसा, परत घाला, काढून बघा. काही गाड्यांत कांडी नुसती टेकवायची असते, काहींत आटे फिरवून बसवायची असते. हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेले आहे. काही गाड्यांना कांडीऐवजी काचेची खिडकी असते. तेल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावे. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नये. जास्त तेलाने गाडी जास्त चालत नाही. उलट ते उसळून एअर फिल्टरकडे जाते.

तेल वरच्या खुणेला आणून मीटरचा आकडा वहीत लिहा. पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्याच जागी, त्याच रीतीने बघा. वरच्या खुणेपर्यंत यायला किती तेल लागले ते मापाच्या बाटलीने मोजा. औषध फवारणीचे माप घरात असतेच, पण ते यासाठी वापरू नका, वेगळे घ्या.

समजा, गाडीत नऊशे मिली तेल मावते आणि पाचशे किलोमीटरला पन्नास मिली कमी झाले. हजार किलोमीटरच्या प्रवासात शंभर मिली जाईल. जवळ बाटली ठेवली की भागते. पण तीनशे मिली कमी झाले असेल, तर हजार किलोमीटरला सहाशे जाईल, म्हणजे नऊशेतले तीनशेच उरतील. ही गाडी परत घरी यायची नाही. आणि हा हिशेब आपल्या गावातल्या चालीचा झाला. भर उन्हात दोन माणसे घेऊन तासन् तास वेगात गेले की तेल तापून पातळ होते आणि खप वाढतो. म्हणून प्रवासात रोज सकाळी गाडी थंड असताना एक नजर टाकावी, त्याला दोन मिनिटे पुरतात.

शोरूममध्ये विचारले तर कधी उत्तर मिळते, "एवढं तेल सगळ्याच गाड्या खातात." खरे असेल किंवा नसेल. पण वहीत आकडा असला तर त्याला पुढचा प्रश्न विचारता येतो. कंपनीच्या मते किती खाल्ले तर चालते, आणि माझी गाडी त्याच्या आत आहे का? आकडा नसला तर आपण "लई तेल खातीया" म्हणणार आणि तो "नाही खात" म्हणणार. तोंडी वादात शेतकरी हरतो, हा अनुभव आपल्याला सगळ्या बाजारांत आहे.

सर्व्हिसिंग आदल्या दिवशी नको

आमचे दुसरे आग्रहाचे म्हणणे सर्व्हिसिंगच्या वेळेबद्दल आहे. उद्या निघायचे म्हणून आज सर्व्हिसिंग, ही रीत सोडून द्या. कारखान्याचेच उदाहरण घ्या. ओव्हरहॉलिंग झाले म्हणून आपण लगेच मोळी टाकत नाही. बॉयलर अग्निप्रदीपन होते, मिल रिकामी फिरवून बघतात, कुठे गळते, कुठे तापते ते पाहून नट आवळतात, आणि मगच गव्हाणीत ऊस पडतो. मोटारसायकलची गोष्टही निराळी नाही. सर्व्हिसिंगमध्ये ड्रेन बोल्ट नीट आवळला गेला नाही, जुना वायसर तसाच बसवला, चेन जास्त ओढली, हे दोष शोरूमच्या फाटकात दिसत नाहीत. ते शंभर-दीडशे किलोमीटरनंतर दिसतात. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग केले तर ते शंभर किलोमीटर नेमके परक्या मुलुखात पडतात.

म्हणून प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी सर्व्हिसिंग करावे. मग रोजच्या कामात दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी चालवावी, तेलाची कांडी पुन्हा बघावी, गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकून सकाळी डाग पडला का पाहावे. काही निघाले तर परत शोरूमला न्यायला हाताशी वेळ राहतो.

कुणी म्हणेल, शोरूम कशाला, आपला गावातला मिस्त्री काय वाईट? वाईट मुळीच नाही. अनेक मिस्त्री आवाजावरून दोष सांगतात आणि रात्री-अपरात्री उपयोगी पडतात. पण गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या अधिकृत ठिकाणीच सर्व्हिसिंग करून पुस्तकात शिक्का घ्यावा. नाहीतर मोठा दोष निघाला की पहिला प्रश्न शिक्क्याचा येतो. वॉरंटी संपल्यावर जिथे विश्वास आहे तिथे जावे, फक्त नोंद वहीत ठेवावी.

शोरूममध्ये उभे राहा

काट्यावर खडा पहारा देणारा आपला सभासद शोरूममध्ये गेला की पंख्याखाली चहा घेत बसतो. आत गाडीचे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही, आणि संध्याकाळी बिल हातात पडते. ऊस बिलावरची प्रत्येक कपात आपण बोट ठेवून विचारतो. सर्व्हिसिंगच्या बिलाला तोच न्याय लावावा.

गाडी देताना जॉबकार्डावर तक्रार शब्दांत लिहून घ्या: 'पाचशे किलोमीटरला इतके मिली तेल कमी होते.' तेल बदलायचे आहे की फक्त भर घालायची आहे ते स्पष्ट करा. जुने तेल समोर सोडायला सांगा आणि किती निघाले ते बघा. लिटरभर घातलेले तेल अर्धा लिटरच निघाले, तर तो गाडीचा जबाबच आहे. नव्या तेलाच्या डब्याचे सील समोर फोडायला लावा. फ्री सर्व्हिसिंगमध्ये बहुधा मजुरी माफ असते, तेलाचे पैसे पडतात, हे आधीच समजून घ्या. गाडी ताब्यात घेताना कांडी स्वतः बघा आणि पक्के बिल घ्या. यात कुणाचा अपमान होत नाही. चांगला मेकॅनिक असा ग्राहक बघून खूशच होतो.

तेल कोणते, हाही प्रश्न येतो. घरात ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा असतो, म्हणून त्यातले भांडेभर मोटारसायकलला घालायची सवय काहींना आहे. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. भलत्या तेलाने तो घसरू शकतो. डब्यावर कंपनीने सांगितलेला ग्रेड, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४०, आणि 'जेएएसओ एमए' किंवा 'एमए-२' ही खूण बघून घ्यावे. तेलाच्या डब्याला चार-पाचशे रुपये लागतात. इंजिन उघडायची वेळ आली तर हजारांत खर्च जातो, शिवाय प्रवास बुडतो आणि ठरलेली टोळी दुसरा कुणी घेऊन जातो.

इतके करूनही कामात हयगय झाली तर गप्प बसू नये. ग्राहक चळवळ आपल्या महाराष्ट्रातच वाढली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला, त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर सांगलीला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. मात्र आयोगापुढे बोलतात ते कागद. जॉबकार्ड, बिल आणि तुमची वही.

कारखान्याने काय करावे?

सगळा भार सभासदावर टाकून आम्ही मोकळे होत नाही. संचालक मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, आषाढी वारीआधी प्रत्येक गट ऑफिसवर एक दिवस वर्कशॉपचा जाणता माणूस बसवावा. त्याने गाड्या दुरुस्त करायच्या नाहीत, फक्त कांडी बघायला आणि हिशेब लिहायला शिकवायचे. तरुण मुलांना आणि भगिनींनाही बोलवावे, कारण गाडी आता घरात सगळेच चालवतात. दोन, ऊस नोंदीच्या पुस्तिकेत मागच्या बाजूला एक पान गाडीसाठी छापावे: तारीख, मीटरचा आकडा, घातलेले तेल, सर्व्हिसिंग. खर्च जवळजवळ काही नाही. तीन, वर्कशॉपच्या दारात जळक्या तेलासाठी एक झाकणाचा पिंप ठेवावा आणि ते तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. आज हे तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतले जाते. ज्या तालुक्याने पाण्यासाठी एवढी वर्षे वाट बघितली, त्या तालुक्यात विहिरीकडे जाणाऱ्या पाण्यात जळके तेल सोडणे शोभत नाही.

पूर्वी बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय गाडीवान वेशीबाहेर पडत नसे. ते काम तो गड्यावर सोपवत नसे, स्वतः वाकून बघत असे. गाडी बदलली, बैल गेले, इंजिन आले. वाकून बघायचे काम तेवढे राहिले आहे. येत्या पाचशे किलोमीटरचा आकडा सभासदांनी आजच वहीत मांडावा, आणि ज्यांच्या गाडीचा खप जास्त निघेल त्यांनी प्रवासाची तारीख ठरवण्याआधी दुरुस्तीची तारीख ठरवावी.